ओवाळायला उचललेला हात

"नाना, पाया पडतो तुमच्या, हा हार नको... ही लाठीची जखम नाही हो!"

सांगून सांगून रघुवीरचा घसा सुकला होता, पण लालबागच्या त्या चाळीत आज ऐकून घ्यायला सवड होती कुणाला? काल संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर लाठीमार झालेला, आणि आज हा गिरणीकामगार डोक्याला पट्टी बांधून नळावर आलेला; झालं, चाळीनं त्याला परस्पर वीर करून टाकलं.

"मग कुणी मारलं रे?" चाळीचे पुढारी नाना डोळे मिचकावत म्हणाले.

"बायकोनं. बकुळानं. पाट घातला डोक्यात."

सगळी गॅलरी हसून लोळली. "काय पण विनय!" म्हणत नानांनी हार गळ्यात घातलाच.

केवढं धैर्य एकवटून तो ते बोलला होता! इतकी वर्षं चिमट्याचे चटके त्यानं सदऱ्याखाली लपवले, उलट हात कधी उगारला नाही, एकदाच ठाकूरद्वारला थोरल्या बहिणीपाशी, मालनताईपाशी मन मोकळं केलं, तर ती म्हणाली होती, "पुरुष असून बाईला भितोस? जा घरी." आज तीच ताई ठेवणीतलं लुगडं नेसून कौतुकानं समोर बसली होती. रघुवीरचा जीव नुसता चडफडत होता.

"बकुळा, ओवाळ गं नवऱ्याला," कुणीतरी म्हणालं.

बकुळा तबक घेऊन आली. चेहऱ्यावर केवढी सोज्वळता! कुंकू लावायला तिनं हात वर नेला मात्र, रघुवीरनं डोळे मिटून दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि तो अंग चोरून भिंतीला टेकला. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत घसरल्या, जुने-नवे डाग उघडे पडले.

या वेळी कुणी हसलं नाही. नाना खाली पाहू लागले.

मालनताई उठली. तिनं बकुळाच्या हातातलं तबक काढून घेतलं.

"रघू, मीच तुला परत पाठवलं रे..."

"तेव्हा ऐकलं असतंस, ताई, तर..."

"आज ऐकलं. चल माझ्या घरी. आणि बकुळा, माझ्या दारात आलीस तर गाठ माझ्याशी आहे."

त्याला जवळ घ्यायला ताईनं हात पुढे केला, पण तो मध्येच थांबवला.

"हात लावते हं, रघू," ती आधी म्हणाली, आणि मगच तिनं तो त्याच्या डोक्यावर ठेवला.