टिटवी खोलीतला पलंग

डेवी, शेकोटीत अजून एक ओंडका सार. आणि मॉली, ती घोंगडी पायांवर घे. जून असला म्हणून काय झालं, आमच्या ह्या टेकड्यांवरची रात्र गारच. तंबूत झोपायचं म्हणून आलात ना मामाकडे? मग झोपा की. नाही? गोष्टच हवी?

बरं. पण मला गोष्टी रचता येत नाहीत. ही झालेली आहे, आणि झाली ती ह्या कुंपणापलीकडच्या माणसाच्या बाबतीत. ती वरची खिडकी दिसते? तिथं दिवा रात्रभर जळतो. आवाज जरा हळू ठेवा, आतलं पोर झोपलेलं असेल.

पिअर्स हॅडली त्याचं नाव. जवळच्या लडलो गावात वकिली करतो. माणूस भला, माझी शिडी नेतो आणि न मागता परत आणून देतो, असे शेजारी किती असतात? बायको इमोजन, आणि मुलगा बार्नी, तेव्हा सात वर्षांचा. तुमची मामी म्हणते, माझे कान कुंपणाच्या त्या बाजूला उगवलेत. असतील. पण खिडक्या उघड्या टाकून लोक भांडले तर मी काय कापूस घालून बसू?

गेल्या वर्षी वसंतभर त्या घरात एकच भांडण चाललं होतं. सप्टेंबरात बार्नीला एल्डरकूमच्या शाळेत ठेवायचं की नाही. ठेवायचं म्हणजे राहायला. मोठ्या शाळांसाठी पोरं तयार करणारी ती जुनी शाळा, पिअर्स तिथंच वाढलेला, त्याचा बापही.

"अजून त्याला बुटाच्या नाडीची गाठ मारता येत नाही, पिअर्स!"

"तिथं शिकवतात."

"गाठ मी शिकवीन. त्यासाठी पोरगं कशाला देऊन टाकायचं?"

"मी गेलो, माझे वडील गेले. काय बिघडलं आमचं?"

ह्यावर इमोजननं खिडकी आपटून लावली. ती आपटलेली मला इथवर ऐकू आली.

शेवटी ठरलं असं, की शाळेला सव्वाशे वर्षं होतायत, मोठा समारंभ आहे, तिघांनी जाऊन यायचं. बार्नीनं जागा बघायची, आणि सोमवारी शाळेला हो की नाही कळवायचं. शनिवार होता तो, एकवीस जून. वर्षातली सगळ्यात आखूड रात्र.

दिवस छान गेला म्हणे. क्रिकेटच्या मैदानावर पांढरा मांडव, स्ट्रॉबेरी आणि साय, बँड. टक्कल पडलेले पुरुष शाळेचे पट्ट्यापट्ट्यांचे टाय लावून एकमेकांना आडनावानं हाका मारत होते. "काय रे बेडूक! तू अजून जिवंत?" "तुझं वर्गातलं झोपणं थांबलं का, की आता न्यायाधीश झालास म्हणून कोर्टात झोपतोस?" पिअर्स तर दहा वर्षांनी लहान झाला होता.

मग हेडमास्तरांचं भाषण. एका पाद्र्यानं आपल्या घरात मूठभर पोरं घेऊन शाळा कशी काढली, युद्धात ह्याच मैदानावर बटाटे कसे लावले, छप्पर कसं दोनदा जळालं. लोक जांभया देत होते. पण हेडमास्तर मिस ऑर्मपाशी आले आणि सगळे सरसावून बसले. मिस ऑर्म म्हणजे जुनी मेट्रन. पिअर्सच्या वेळची, आणि त्याच्या बापाच्याही. पोरांचे मोजे, गळू, ताप, सगळं तिच्याकडे. हेडमास्तर म्हणाले, "मिस ऑर्म म्हणायच्या, रिकामा पलंग म्हणजे हरवलेलं पोर. एकही पलंग रिकामा दिसला तर त्यांना झोप लागत नसे. आता त्या चर्चमागे शांत झोपल्यायत. आमची पटसंख्या घटतेय हे कृपा करून कोणी त्यांना कळवू नका!"

काय हसले लोक.

जेवताना पिअर्सनं एक गंमत सांगितली. नव्या पोरांचा पहिला दिवस. आईबाप सोडायला आलेले. मिस ऑर्म पोरांना वर नेऊन पलंग दाखवायची, मग म्हणायची, चला, आधी चहा घेऊ, आई बाहेरच थांबलीय. पोरं केक खाऊन बाहेर येतात तो काय, खडीवर एकही गाडी नाही. सगळे गेलेले.

"आणि ही गंमत?" इमोजननं विचारलं.

"अगं, निरोप घेतला की पोरं रडतात. म्हणून."

"मग तू रडला नाहीस?"

"दिवे मालवल्यावर बोलायला बंदी असायची," पिअर्स म्हणाला, "रडायलाही." आणि तो हसला. एकटाच.

जेवणानंतर जुनी खोली बघायला गेले. सगळ्यात वरच्या मजल्यावर. तिथल्या खोल्यांना पक्ष्यांची नावं. ह्या खोलीचं नाव टिटवी. आता कोणी झोपत नाही तिथं, समारंभापुरती उघडून पूर्वीसारखी मांडली होती. लोखंडी पलंग, करडी ब्लँकेटं, पायथ्याशी पेट्या. पिअर्सचा पलंग खिडकीखालचा. तो म्हणाला, "बार्नी, आडवा हो बघू, तुझा फोटो काढतो."

बार्नीनं पाय घट्ट रोवले. "मी नाही. टर्निप झोपेल." टर्निप म्हणजे त्याचा कापडी ससा. त्यानं सशाला उशीवर ठेवलं, फोटो निघाला, आणि ससा राहिला तिथंच.

हे लक्षात कधी आलं? तर आतषबाजी संपल्यावर. साडेदहा वाजून गेले होते, आकाशात अजून फिकट उजेड होता. मैदानावर गाडी लावलेली, बार्नी आजीनं विणलेला निळा स्वेटर घालून मागे पेंगत होता, आणि एकदम उठून बसला.

"टर्निप!"

सशाशिवाय तो झोपत नसे. पिअर्स म्हणाला, "गाडी सुरू करून ठेव. हा गेलो नि हा आलो."

आता पुढचं मला पिअर्सनंच सांगितलं. एकदाच. ह्याच बाकावर, सफरचंदाच्या सायडरचा पेला हातात धरून. प्यायला मात्र नाही.

दार उघडंच होतं. जिन्यात दिवा होता. वर जाताना त्याला वास आला, ओल्या लोकरीचा आणि कार्बोलिक साबणाचा. त्याला वाटलं, वा, काय हुबेहूब मांडलंय! टिटवीत उजेड खिडकीतून येईल तेवढाच. ससा त्याच्या पलंगावर होता. पण उशीवर नव्हता. ब्लँकेटच्या आत होता, कान तेवढे बाहेर, आणि ब्लँकेट दोन्ही बाजूंनी गादीखाली इतकं गच्च खोचलेलं, की ओढून निघेना.

कोणीतरी आवरून गेलंय, असं त्याला वाटलं. खोचलेलं सोडवायला तो पलंगावर टेकला.

जिन्यातला दिवा गेला.

"हॅडली."

दारातून आवाज आला. बाईचा. रागाचा नव्हे. दमलेला.

"दिवे मालवलेत, हॅडली."

आणि पोरांनो, बेचाळीस वर्षांचा वकील… त्यानं बूट काढले. जोडीनं पलंगाखाली ठेवले. आणि आडवा झाला.

"कोणी हात धरला नाही, बेव्हन," तो मला म्हणाला. "कोणी ढकललं नाही. मला फक्त… सवय होती."

काय म्हणालीस, मॉली? उठून पळायचं ना? तेच मी विचारलं त्याला. त्यानं पेला बाकावर ठेवला.

ब्लँकेट वर आलं. हनुवटीपर्यंत. एका बाजूनं खोचलं गेलं. मग दुसऱ्या. हात आत, अंगाशी. ते लोकरीचं होतं, पण हलत नव्हतं. दगडी फरशीसारखं छातीवर बसलं.

मग त्याला कळलं, की खोलीत श्वास चाललेत. बाकीच्या पलंगांवर. हळू. सावध. झोपेचं सोंग घेतलेल्या पोरांचे असतात तसे.

बाहेर खडी वाजली. गाड्यांची चाकं. समारंभाची मंडळी निघाली होती. एक गाडी. दुसरी. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. प्रत्येक गाडी त्याला आईची वाटत होती.

पायथ्याशी गादी दबली. कोणीतरी बसलं. छोटा दिवा. त्या उजेडात दोनच हात. लाल, साबणानं फुटलेले. ते काहीतरी शिवत होते. लहानसं, निळं.

"चहा झाला ना?"

खाली अजून एक गाडी निघाली.

"गेले हो ते. रडू नये म्हणून न सांगता जायचं असतं."

सुई आत… सुई बाहेर…

"तू सप्टेंबरपर्यंत राहा. मग धाकटा हॅडली येईलच. पलंग रिकामा नको."

त्याला ओरडायचं होतं. नाही, म्हणायचं होतं. तोंड उघडेना. दिवे मालवल्यावर बोलायचं नाही… खालून हॉर्न वाजला. इमोजन. पुन्हा वाजला. मग थांबला. रात्र सरत नव्हती. खिडकीतला फिकट उजेड होता तिथंच होता, तसाच. त्याला वाटलं, एक सत्र गेलं. मग दुसरं.

आणि जिन्यात पावलं वाजली.

छोटी. धावत येणारी.

"डॅडी?"

हॉर्नला कोणी येत नाही म्हणून इमोजन खालच्या दारापाशी येऊन एका शिक्षकाला विचारत होती, आणि पोरगा तिचा हात सोडून निसटला होता. वाट ठाऊक होती त्याला.

हातांनी धागा वर नेला. दातांनी तोडल्याचा आवाज आला. गादी हलकी झाली.

"बघ. आधीच आला."

दिवा दाराकडे निघाला.

"डॅडी, टर्निप सापडला?"

पावलं जवळ. अजून जवळ…

पिअर्स म्हणतो, घशात काहीतरी फाटलं. आवाज निघाला, पण त्याचा नाही. सात वर्षांच्या पोराचा. पस्तीस वर्षं आत दाबून धरलेला.

"नको! आत येऊ नको! बार्नी, आईकडे पळ!"

ब्लँकेट सैल झालं. नुसतं जुनं ब्लँकेट. तो पडत धडपडत दाराशी गेला. बार्नी तिथंच उभा होता, अंधारात, थिजलेला. त्याला उचलून खांद्यावर टाकलं आणि जिना उतरला. मागे बघितलं नाही.

"तो उंबरठ्याच्या बाहेर होता, बेव्हन." हे त्यानं मला पुन्हापुन्हा सांगितलं. "बाहेर. एक पाऊलही आत नव्हतं."

खाली इमोजन रागावलेली. "वीस मिनिटं! आणि तुझे बूट कुठायत?"

"त्याला नाही पाठवायचं."

"काय?"

"सोमवारी नाही म्हणून कळव. इमोजन, तू चालव गाडी."

तिनं स्टिअरिंग घेतलं. बूट राहिले, ससाही राहिला. तिघं घरी आले.

आता उरलं ते माझ्या डोळ्यांसमोरचं. रविवारी सकाळी मी घेवड्याला पाणी घालत होतो, इथं, कुंपणाला लागून. इमोजन कपडे वाळत घालत होती. गात होती चक्क. कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. बार्नीचा निळा स्वेटर तिनं उलटा करून दोरीवर टाकला, आणि मला मानेपाशी पांढरी पट्टी दिसली. वसतिगृहात सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात, म्हणून आई घरून शिवून देते ना, तसली नावाची पट्टी. आता माझी जीभ तुम्हाला माहितीये.

"काय इमोजन! म्हणजे ठरलं वाटतं जायचं? पट्ट्यासुद्धा लावून झाल्या!"

"नाही हो, मिस्टर बेव्हन! नाही जायचा तो. काल रात्रीच ठरलं." ती हसत होती. "कसल्या पट्ट्या?"

मी बोट दाखवलं.

ती वळली. गाणं आधीच थांबलं होतं.

"मी तर मागवल्याच नाहीत…"

पिअर्स चहाचा मग घेऊन दारात आला होता, अनवाणी. तो गवतातून चालत आला. हातातला चहा त्यानं तिच्याकडे दिला. स्वेटरची कॉलर धरली, पट्टीवरून अंगठा फिरवला. टाके बारीक होते, दाट, एकसारखे. शेवटचा धागा कातरलेला नव्हता. चुरगळलेला होता, दातांनी तोडल्यासारखा.

"हा काल त्यानं कधी काढला होता?"

"काढला कुठं? संध्याकाळी गार झालं तेव्हा मी घातला. घरी येऊन मीच काढला."

"मधे?"

"मधे नाही, पिअर्स. अंगातच होता त्याच्या."

झारीतलं पाणी माझ्या बुटात जात होतं. वाऱ्यानं स्वेटर हलला, पट्टी माझ्याकडे वळली, आणि मला वाचता आली. पांढऱ्यावर लाल धाग्यानं विणलेलं. बी. हॅडली.

आणि त्याखाली, बारीक अक्षरात… टिटवी.