संहितेत नसलेलं वाक्य

हे खरं घडलेलं आहे. रचून सांगायची कला माझ्यात असती, तर एव्हाना माझ्या नावावर दोन-चार पुस्तकं असती. मी आयुष्यभर फक्त वाचली.

गेल्या महिन्यातला दुसरा शनिवार. नाशकातलं एक नाट्यगृह, नाव घेत नाही. वेळ रात्रीची नव्हती. दुपारचे चार वाजले होते आणि बाहेर रस्त्यावर लख्ख ऊन होतं.

ज्यांच्या बाबतीत घडलं ते माझे साडू, धम्मपाल. वय एकाहत्तर. सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. आम्ही भूतखेत न मानणाऱ्या घरांतली माणसं. हे आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यातल्या हौशी नाटकमंडळींचे धम्मपाल चाळीस वर्षं प्रॉम्प्टर. डाव्या विंगेत स्टूल, चपला स्टुलाखाली, हातात संहिता, लाल कागद लावलेली बॅटरी. बोलल्या गेलेल्या प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीने बारीक टीक. उजेडात कधी आले नाहीत. पडद्यानंतर सगळे नमस्काराला जायचे, तेव्हा हे संहितेची पानं जुळवत बसायचे.

"प्रॉम्प्टरने पहिला शब्द द्यायचा," ते म्हणत. "अख्खं वाक्य दिलं की नटाचा अपमान होतो."

मंडळाचं एक नाटक फार गाजलं होतं. येवल्याच्या एका शिक्षकांनी लिहिलेलं. पहिल्या प्रयोगाआधीच ते वारले. नाटकात एक टेलर असतो, सगळे त्याला मास्तर म्हणतात. तो गावातल्या माणसांची मापं घेतो, वहीत लिहितो, आणि माणसं एकामागून एक मरतात. शेवटच्या प्रवेशात शेवटचं गिऱ्हाईक येतं. मास्तर छातीभोवती टेप लावतो आणि म्हणतो, "श्वास सोडा."

त्यानंतर एक वाक्य येतं.

"आता घेऊ नका."

कँटीनमध्ये, बसच्या रांगेत, लोक एकमेकांना म्हणायचे. कुणी कामात घाई केली की, "श्वास सोडा… आता घेऊ नका." अख्ख्या नाटकातलं तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

आणि ते वाक्य संहितेत नव्हतं.

चौऱ्याण्णव साली मास्तर केला पुंजाने. लेथवरचा कामगार, पहिलवान गडी. त्याचा मास्तर राक्षसच होता. डोळे तांबारलेले, टेप हातात अशी की जणू फास. प्रत्येक वाक्याला शेवटची रांग दचकायची. पण त्या एका वाक्याला पुंजाचा आवाज खाली आला. सपाट झाला. जणू दुसऱ्याच कुणाचा.

प्रयोगानंतर धम्मपालांनी विचारलं, "पुंजा, ते वाक्य कुठून आणलंस?"

"मी कुठून आणणार? तूच दिलं की विंगेतनं. लय भारी दिलं."

धम्मपालांनी दिलं नव्हतं. पण चार माणसांनी पाठ थोपटली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांना म्हणालं, काय वाक्य सुचलं हो तुम्हाला. ते संकोचाने हसले आणि गप्प बसले.

शेवटचं गिऱ्हाईक झाला होता जीवन, तिशीतला फिटर. महिना भरायच्या आत तो झोपेत गेला. घरचे म्हणाले, दम्याचा त्रास होता.

दोन हजार नऊमध्ये मास्तर केला दीपकने. त्याचा मास्तर गोड. गिऱ्हाइकाला पाणी विचारायचा, लेकराबाळांची चौकशी करायचा. लोक हसायचे आणि हसता हसता गप्प व्हायचे. पण ते वाक्य आलं… तेव्हा गोडवा नव्हता. तोच सपाट आवाज. पुंजाचा प्रयोग दीपकने पाहिलेलाही नव्हता.

"काका, तुम्ही दिलंत म्हणून बरं," दीपक म्हणाला. "मी ते गाळणार होतो."

तेव्हा गिऱ्हाईक होती स्नेहल, ऑफिसातली टायपिस्ट. महिन्याच्या आत तीही गेली. हृदय बंद पडलं म्हणाले.

पंधरा वर्षांच्या अंतराने दोन मृत्यू. कोण जोडणार? एकट्या धम्मपालांनी जोडले. पण बोलले नाहीत. आपलंच काही चुकत असेल, असं त्यांना आयुष्यभर वाटत आलं आहे.

यंदा मंडळाने तेच नाटक स्पर्धेत उतरवलं. दिग्दर्शन योगिनीचं, म्हणजे पुंजाच्या मुलीचं. मास्तर होणार होता सुयश, नवा इंजिनियर. आणि शेवटचं गिऱ्हाईक…

अंजली. धम्मपालांची नात. एकोणीस वर्षांची, पहिलीच भूमिका. आजोबांना आनंद होईल म्हणून घरी न सांगता निवडचाचणी देऊन आली होती.

त्यांनी तिला नको म्हणून पाहिलं.

"का पण, आजोबा?"

लहानपणापासून ज्या पोरीला 'असलं काही नसतं' म्हणून शिकवलं, तिला काय सांगणार?

मग ते योगिनीकडे गेले.

"ते वाक्य काढून टाक."

"काका, तोच तर डायलॉग आहे."

"संहितेत नाही तो."

"नसेना. तुमचा आहे."

"माझा नाही, योगिनी. मी कधीच दिला नव्हता."

योगिनी हसली. "लोक दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून खपवतात. तुम्ही आपलं वाक्य दुसऱ्याच्या गळ्यात घालताय. किती तो भिडस्तपणा."

तीस वर्षं गप्प बसलेला माणूस आता खरं बोलला, तर तो त्याचा विनय ठरला.

शेवटी त्यांनी सुयशला गाठलं. सुयश वेगळाच नट. त्याचा मास्तर काहीच करत नसे. दिवसभर उभं राहून पाय दुखणारा, कंटाळलेला टेलर. कानावर पेन्सिल, मानेवर टेप. गिऱ्हाइकाकडे नीट पाहायचाही नाही. तिघांत तोच सगळ्यांत भयंकर, असं धम्मपाल म्हणतात.

"सुयश, एक मागतो. तू फक्त 'श्वास सोडा' म्हण. पुढे थेट 'बाही किती ठेवू' वर ये."

सुयशने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कारण विचारलं नाही.

"नाही म्हणणार, काका. शब्द दिला."

प्रयोगाच्या दिवशी धम्मपालांनी चपला काढल्या. स्टूल ओढलं. तिसरी घंटा झाली. बॅटरी लावली.

सगळं सुरळीत चाललं होतं. एकही नट अडखळला नाही. पानामागून पान, टिकेमागून टीक.

शेवटचा प्रवेश आला.

अंजली मास्तरसमोर उभी राहिली. सुयशने मानेवरची टेप काढली. धम्मपालांनी 'बाही' हा शब्द जिभेवर तयार ठेवला. सुयश थांबला रे थांबला की द्यायचा.

आणि त्यांना ऐकू आलं…

श्वास.

अगदी उजव्या कानाशी. शब्द देण्याआधी प्रॉम्प्टर घेतो तसा. छोटा, नाकाने घेतलेला. चाळीस वर्षं ते स्वतः तसा घेत आले होते.

त्यांनी वळून पाहिलं. विंग रिकामी होती.

पुढे काय झालं ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. ते उठले. बॅटरी आणि संहिता स्टुलावर ठेवली. आणि अनवाणी, अंगात स्वेटर, नाकावर चष्मा, असेच उजेडात चालत गेले.

समोर सहाशे माणसं होती.

"मास्तर," ते म्हणाले. "आधी माझं माप घ्या. मला घाई आहे."

सुयश दचकला. पण नट पक्का. क्षणभर पाहून तो तशाच कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "या. ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा."

अंजली सरकली. तिचे डोळे मोठे झाले होते.

टेप धम्मपालांच्या छातीभोवती आली. सुयशची बोटं गार होती.

"श्वास सोडा."

धम्मपालांनी सोडला.

सुयशने ओठ घट्ट मिटले. शब्द पाळला त्याने.

आणि मग… डाव्या विंगेतून…

"आता घेऊ नका."

सगळ्यांनी ऐकलं. शेवटच्या रांगेपर्यंत. आवाज स्टुलावरून आला. लाल बॅटरी तिथे जळत होती. स्टुलावर कुणी नव्हतं.

आवाज धम्मपालांचा होता.

त्यांनी श्वास घ्यायचा प्रयत्न केला. छाती हलेना. टेप तर सैल होती, सुयशने कधीच सोडली होती. डोळ्यांपुढे काळं येऊ लागलं.

"आजोबा," अंजली म्हणाली. हेही संहितेत नव्हतं. "आजोबा, श्वास घ्या."

तिने त्यांचा हात धरला. श्वास आत आला.

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. लोकांना वाटलं, काय बसवलंय.

"काका, आवाज आधी रेकॉर्ड करून ठेवला होतात ना?" योगिनी रडत हसत होती. "मला तरी सांगायचं."

धम्मपालांनी विंगेत जाऊन संहिता उचलली.

ते उठून गेल्यानंतरच्या वाक्यांसमोरही पेन्सिलीच्या टिका होत्या. पार शेवटच्या ओळीपर्यंत. आणि 'श्वास सोडा'च्या खाली, जिथे काहीच छापलेलं नव्हतं, त्या कोऱ्या जागेसमोर… एक टीक.

पेन्सिल त्यांच्या स्वेटरच्या खिशात होती.

थोड्या वेळाने सुयश आला. मेकअप उतरवला नव्हता. हातात मास्तरची वही, सकाळीच दुकानातून आणलेली. स्टेजवर तो त्यात खरंच मापं लिहायचा.

"काका, तुमची छाती छत्तीस भरली. मी छत्तीसच लिहिलं. शपथ घेतो."

वहीच्या शेवटच्या ओळीवर पेन्सिलीने लिहिलं होतं, एकतीस.

अक्षर सुयशचं नव्हतं.

दिवाळीत अंजलीचा पंजाबी ड्रेस शिवला, तेव्हा छातीचं माप धम्मपालांच्या बायकोनेच दिलं होतं. एकतीस.

आज तेवीस दिवस झाले. अंजली ठणठणीत आहे. कॉलेजला जाते, डबा नेते, आजोबांची चेष्टा करते. डॉक्टरांना दाखवलं, सगळं व्यवस्थित आहे. वही जाळून टाकली. पण जीवन आणि स्नेहल महिना भरायच्या आत गेले होते, आणि महिना अजून भरायचा आहे.

धम्मपाल आता पेपरही वाचत नाहीत. दुपारभर तिच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसतात. ती आत अभ्यास करते. दर थोड्या वेळाने ते हाक मारतात.

"अंजली."

"हं?"

"श्वास घे."

ती हसते. त्यांना ऐकू जाईल असा मोठ्ठा श्वास घेते.

काल दुपारी त्यांनी अशीच हाक मारली. तिचं उत्तर यायला जरा उशीर झाला. लिहिण्यात होती म्हणे. दोन-तीन सेकंदांचाच उशीर.

पण तेवढ्यात त्यांनी ऐकलं, ते मला आज सकाळी फोनवर सांगत होते. आवाज इतका हळू, की मला दोनदा विचारावं लागलं.

आतून श्वास ऐकू आला होता.

छोटासा. नाकाने घेतलेला. शब्द देण्याआधी घेतात तसा…

तो अंजलीचा नव्हता.