तुरटीचा डाग

शरयू कोलते यांनी चष्मा पुसून यंत्रावरचा आकडा चौथ्यांदा वाचला. आकडा काही बदलेना. निवृत्तीला दोन महिने उरले असताना हे नशिबी यावं, याचा त्यांना मनापासून शीण आला.

यंत्राला प्रयोगशाळेत सगळे 'रक्तघड्याळ' म्हणत. वाळलेल्या रक्तात दिवसाच्या उबेनं आणि रात्रीच्या गारव्यानं रोज एक सूक्ष्म थर उमटतो. ते थर मोजून यंत्र रक्ताचं वय सांगायचं. ते बिनचूक ठरलं, तर चार वर्षं थांबलेल्या फाशा पुन्हा सुरू करायच्या, असं सरकारी समितीनं ठरवलं होतं. सोळा कैदी त्या निर्णयाची वाट पाहत होते. शरयूबाईंची सही तेवढी बाकी होती.

चाचणीला बावीस वर्षांपूर्वीचा खटला आला होता. खून झालेल्या कंत्राटदाराच्या सदऱ्यावरचं रक्त आठ हजार पस्तीस दिवसांचं निघालं. दाढी-कटिंगचं दुकान चालवणाऱ्या अंकुश राऊतच्या ॲप्रनवरचं, त्याच कंत्राटदाराचं रक्त मात्र आठ हजार अडतीस दिवसांचं. म्हणजे खुनाच्या तीन दिवस आधीचं. 'ॲप्रनवरील रक्त मृताचेच आहे' हा अहवाल तेव्हा शरयूबाईंनीच दिला होता. अहवाल खरा होता, आणि त्यावरच अंकुश फासावर गेला.

नियमाप्रमाणे त्याच्या बायकोला, सारिकाला, बोलावून हे सांगावं लागलं. तिनं पाणीही घेतलं नाही.

"वरातीमागून घोडं आणलंत, मॅडम. मी तेव्हाच सांगत होते. रविवारी दाढी करताना कंत्राटदारांची पुटकुळी कापली गेली. रक्त थांबेना, म्हणून ह्यांनी तुरटी लावून ॲप्रनच्या टोकानं दाबून धरलं. कोर्टात सांगितलं, तर वकील हसले."

तुरटी! शरयूबाई उठल्या. डागातला एक धागा काचनळीत टाकून त्यांनी कपाटातल्या जुन्याच रसायनाचे दोन थेंब सोडले. दहा मिनिटांत रंग आला. तुरटी होती. बावीस वर्षांपूर्वीही ही चाचणी दहाच मिनिटांची होती. कर असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि त्यांना स्वतःला सुचलं नव्हतं. लाजेनं त्यांना वर बघवेना.

"एवढंच होतं?" नळीकडे बघत सारिकानं विचारलं.

शरयूबाईंनी नळी तिच्यासमोर ठेवली.

तेवढ्यात त्यांचा सहकारी तौसिफ प्रमाणपत्र घेऊन आला. "मॅडम, समितीचा फोन येतोय. यंत्र तर अगदी बरोबर निघालं. हे तेव्हा असतं, तर अंकुश राऊत वाचला असता."

शरयूबाईंनी कागद वाचला. 'या यंत्रामुळे निर्दोष व्यक्तीस फाशी होण्याची शक्यता उरत नाही.' त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"तेव्हाचा अहवालही बरोबरच होता, तौसिफ. रक्त कुणाचं, एवढंच आम्ही विचारलं. आज कधीचं, ते विचारतोय." त्यांनी कागद त्याच्याकडे सरकवला. "आज काय विचारायचं राहून गेलंय, ते सांगशील? मग करते सही."