हात लाव गं, दया

मिक्सर घ्यायचा ठरला तेव्हा दीनाने नगरच्या दुकानदाराला पुरता तासभर घाम फोडला. नेवाशाच्या शाळेत ती गणित शिकवायची. गोड बोलण्याला भुलणाऱ्यांतली ती नव्हती. घरून डब्यात भाजलेले शेंगदाणे नेले होते. तीन मिक्सर मांडायला लावून तिने प्रत्येकात मूठ मूठ दाणे फिरवून पाहिले. काचेच्या भांड्याचा दिसायला देखणा, पण दाण्यांचा लगदा करी. दुसऱ्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरावं लागे. तिसऱ्याचं भांडं स्टीलचं, पातं जाड, आवाज मात्र पिठाच्या गिरणीसारखा. त्याचं कूट इतकं मोकळं पडलं की दुकानदारानेच चिमूटभर तोंडात टाकलं. "एक मिनिट चालवा, दोन मिनिटं थांबा," त्याने बजावलं. दीनाने तेही वहीत लिहून घेतलं.

एवढा खटाटोप सहा वर्षांच्या कृपासाठी होता. दीना ही एलियाची दुसरी बायको. पहिली, दया, दोन वर्षांपूर्वी काविळीने गेली आणि तेव्हापासून तिच्या पोरीने चटणी-कालवण तोंडाला लावणं सोडलं. दूध-भाकरीवर कशीबशी तगली होती, हातापायांच्या नुसत्या काड्या. दीनाला ती घरातही 'बाई'च म्हणायची, शाळेतली पोरं म्हणतात तशी. लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं. तिने एकदा आपल्याला आई म्हणावं, यासाठी दीनाचा जीव तुटायचा. पाट्यावर रगडून तिने नाना चटण्या केल्या, पण पोरीने बोट लावलं नाही. म्हटलं, यंत्राचं नवल वाटून तरी खाईल.

पहिल्या दिवशी शेजारची गोजरबाई मिक्सर बघायला आली. दुष्काळाने शेत पडीक, म्हणून ती खडी फोडायला जायची. स्वयंपाकघरात दीना जमिनीवर पाट टाकून मिक्सरपुढे बसलेली पाहून ती म्हणाली, "एकलीनं दळू न्हाई, बाई. जात्याला समोर दुसरी लागती. कुनी नसलं तर आमी नाव घेऊन बोलावतो. ये गं, हात लाव, म्हनतो. जातं हलकं हुतं."

"आणि ती येते?" दीनाला हसू आलं.

"हलकं हुतं, येवढं खरं."

कृपा दाराला धरून उभी होती. तिला बरं वाटावं, एवढाच दीनाचा हेतू. ती मिक्सरकडे बघून म्हणाली, "ये गं दया, हात लाव," आणि तिने बटण दाबलं.

गोजरबाईचा चेहरा उतरला. "आमी जित्या मानसाचं नाव घेतो, बाई," ती हळूच म्हणाली आणि चहा न घेताच उठली.

जेवताना चटणीत काळे ठिपके दिसले. दीनाने बोटावर घेऊन पाहिलं, तर कारळं. घरात कारळं नव्हतीच. कृपाने मात्र चटणी भाकरीवर घेतली, नाकाशी नेली आणि दीड भाकरी खाल्ली. एलियाचा घास हातातच राहिला.

"ही दयाची चटणी," तो म्हणाला. "तुला कोणी सांगितलं, ती कारळं घालायची ते?"

दुकानात कोणीतरी आधी कारळं फिरवली असतील, असा दीनाने हिशोब लावला. भांडं सोड्याच्या गरम पाण्याने धुतलं, पात्याखालून सुई फिरवली. दुसऱ्या दिवशी वाटीभर दाणे, पाच पाकळ्या लसूण, चमचाभर तिखट आणि मीठ मोजून घातलं. बाहेर दीड वाटी निघाली, कारळ्यांसकट. तिसऱ्या दिवशीही तेच. दीना कोणाला काही बोलली नाही. पोरीच्या गालावर मांस धरत होतं, आणि भरल्या ताटाला नावं कोण ठेवणार? पण मिक्सरपुढे ती आता दाराकडे पाठ करून बसत नव्हती.

मंगळवारी सकाळपासून गावात वीज नव्हती. मधल्या सुट्टीत दीना घरी आली. मिक्सरची वायर तिने स्वतः गुंडाळून खुंटीला लावली होती, ती तशीच होती. भांडं मात्र गरम होतं आणि गळ्यापर्यंत भरलेलं. तिच्या पाटासमोर, मिक्सरच्या पलीकडे, दुसरा पाट मांडला होता.

कृपा भाकरी खात होती.

"चटणी कोणी केली?" दीनाने विचारलं.

"आईनं."

"मी?"

"न्हाई. तुमी बाई." पोरीने शांतपणे दुसरा घास घेतला.

दीनाने दोन्ही पाटांमध्ये खडूने रेघ मारली. बुधवारी समोरचा पाट रेघेच्या अलीकडे आला होता. तिने नवी रेघ मारली. गुरुवारी तो तिच्याही अलीकडे वीतभर. मिक्सर बाजूला सारला गेला होता. एलियाला विचारलं तर तो म्हणे, मी स्वयंपाकघरात पाऊलही टाकलं नाही. ते खरं होतं. आठ दिवस तो ओसरीवरच जेवत होता.

शेवटी ती गोजरबाईकडे गेली.

"बोलावलं तुमी," गोजरबाई म्हणाली. "दळन सरल्याव जा म्हनायचं आसतं. तुमी म्हनलाच न्हाई, तर ती कशापाई जाईल?"

दोन रात्री दीनाला झोप लागली नाही. जा म्हणावं, तर पोर पुन्हा उपाशी. न म्हणावं, तर या घरात आपण जन्मभर बाईच. तिला दयाचा राग आला, आणि मेलेल्या बाईचा हेवा करतो म्हणून स्वतःची लाजही वाटली.

रविवारी चर्चहून ती एकटीच लवकर परतली. भर दुपार होती. दोन्ही पाट एकमेकांना भिडले होते.

ती आपल्या पाटावर बसली. वायर हातात घट्ट धरली. शेजारचा पाट ऊबदार लागत होता.

"दया, दळण सरलं," ती म्हणाली. "आता जा."

मिक्सर सुरू झाला. वायरचं टोक तिच्या मुठीत होतं.

तिने मनात आकडे मोजले. साठ झाले आणि तो थांबला.

बघते तो तिच्या खालचा एकच पाट उरला होता. दुसरा भिंतीला टेकवून उभा केलेला. गेली. दीनाने पदर तोंडाला लावला आणि मोकळेपणी रडून घेतलं.

पावलं वाजली. कृपा चर्चहून आली होती. दारात ती थबकली, दीनाकडे टक लावून बघत राहिली, मग धावत येऊन तिच्या मांडीत शिरली. वर्षभरात पहिल्यांदा.

"आई," ती म्हणाली.

दीनाने तिला पोटाशी धरलं. एवढंच तर हवं होतं.

"आई, बाई गेल्या?"

"गेल्या," दीनाच्या तोंडून आलं.

पोर निवांत टेकून बसली. दीनाची बोटं तिच्या केसांत चालत होती, सराईतपणे, चार पेडांची वेणी घालत. दीनाला तीनच पेडांची येत होती.