ओल्या वाळूवरचा मेंढपाळ

"ओढा! अजून! हय्या हो!" अर्पिता ओरडली. दोर ताणला गेला, पण वाळूत रुतलेला दगड जागचा हलेना!

दिवाळीची सुट्टी होती. शहागडजवळ गोदावरीच्या काठी वंदना मॅडमनी शाळेतल्या मुलांसाठी पिरॅमिडची कार्यशाळा भरवली होती. यंत्रं नसताना इजिप्तच्या लोकांनी एवढाले दगड कसे ओढले, ते स्वतःच्या हातांनी करून पाहायचं! आज मॅडम रंग आणायला अंबडला गेल्या होत्या. "ओढण्यासाठी एक छान दगड निवडून ठेवा," असं त्यांनी अर्पिता, आदिनाथ आणि छकुलीला सांगितलं होतं.

आदिनाथने दगडाखाली पहार घातली. छकुली फटीतली वाळू उकरू लागली आणि एकदम थबकली.

"अगं, इथं कान हाय!"

"कान?"

"मेंढीचा! हाताला बराबर कळून राह्यलंय!"

छकुली आजोबांच्या मेंढ्यांतच वाढली होती. तिघांनी पहारीवर भार दिला. दगड कलला. खालच्या बाजूला हातात काठी घेतलेला एक माणूस कोरलेला होता आणि त्याच्या मागे मेंढ्या! दुपारच्या उन्हात नदी चमचमत होती. अर्पिताला वाटलं, हा माणूस जरा डुलकी घ्यायला पालथा झोपला असावा.

"सरका रे पोरांनो!" सर्जेराव मुकादमांची हाक आली. काठाने नवा रस्ता होत होता. "जेवणं झाली की जेसीबी येऊन राह्यलाय. फक्कीच्या रेघेआतलं समदं रस्त्याच्या भरावात जाणार!"

"काका, ह्याच्यावर माणूस हाय! बघा तरी!" आदिनाथ म्हणाला.

"दगड तो दगड! मला बिलकुल टाइम न्हाई." मुकादमांनी मान वर न करता डबा उघडला.

मॅडमचा फोन लागेना. चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ वाळूच्या पलीकडच्या टोकाला होती.

"मंग आपणच ह्याला रेघेबाहेर नेऊ," अर्पिता कुजबुजली आणि भोळा चेहरा करून मुकादमांकडे गेली. "काका, आम्ही पिरॅमिड-पिरॅमिड खेळून राह्यलो. रस्त्याच्या टँकरचं थोडं पाणी घेऊ?"

"घ्या, घ्या! गलका तेवढा करू नका."

पहारीने रेटत रेटत त्यांनी दगड उलटवला आणि कोरलेली बाजू वर ठेवून कार्यशाळेतल्या लाकडी घसरगाडीवर चढवला. ओढताच कोरडी वाळू पुढे साचली. आदिनाथने बादलीभर पाणी ओतलं, तर गाडी चिखलातच रुतली!

"लई झालं!" छकुली ओरडली. "अंगणात सडा टाकतात तसं शिंपड!"

आता वाळू गडद झाली, घट्ट झाली. तिघांनी श्वास रोखून दोर ओढला आणि गाडी नावेसारखी सरकू लागली! पाणी शिंपडायचं, ओढायचं, पुन्हा शिंपडायचं. अर्पिताचे डोळे अर्धवट मिटले. पलीकडे गोदावरी होती की नाईल? आपल्या मागे आणखी कितीतरी जण दोर धरून चालताहेत, असं तिला वाटत राहिलं.

घर्रर्र! जेसीबी सुरू झाला.

"जल्दी! जल्दी!" आदिनाथचे तळहात सोलवटले होते. छकुली वाळूत घसरून पडली, पण दोर काही तिने सोडला नाही. "हय्या हो!" गाडीचं मागचं टोक पांढऱ्या रेघेवरून पुढे गेलं!

मुकादम हसतच बघायला आले. "झाला का तुमचा पिर..." त्यांनी हात धोतराला पुसले, त्या माणसाच्या चेहऱ्यावरची वाळू झटकली आणि वळून ओरडले, "थांबव रे मशीन! आधी समदे दगड उलटून बघा!"

संध्याकाळी वंदना मॅडम आल्या, छकुलीचे आजोबा आबारावही आले. मॅडमनी दगडावर पाणी ओतलं. वरच्या कोपऱ्यांत चंद्र-सूर्य उमटले.

"याला वीरगळ म्हणतात," त्या म्हणाल्या. "कळप राखताना जीव गेलेल्या माणसाची ही आठवण. मुलांनो, मी तुम्हाला नुसतं ओढायला शिकवलं होतं. तुम्ही केवढं मोठं काम केलंत!"

मुकादम खाली मान घालून म्हणाले, "पोरांनी बोलावलं तवाच उठायला पाह्यजे होतं मी."

आबारावांनी डोक्यावरचा फेटा उतरवला आणि दगडाजवळ बसले. कोरलेल्या एकेका मेंढीवरून त्यांचा हात हळूहळू फिरत होता.

"कोण होता कुणास ठाऊक," ते म्हणाले. "पर किती दिस एकटा पडून होता बिचारा! शाबास, लेकरांनो. आमच्या माणसाला सोबत दिली तुम्ही."

नदीवरून गार वारा आला. घरी निघालेला आबारावांचा कळप त्या दगडापाशी घोटाळत उभा राहिला आणि बराच वेळ कुणीच त्याला हाकललं नाही.