मामीची बोटं

कमळाकरच्या डाव्या पोटरीत काहीतरी उडायचं. दुखत नव्हतं. नुसतं उडायचं, कातडीखाली बेडकाचं पिल्लू अडकल्यासारखं. मुरबाडच्या एमआयडीसीत तो प्रेस मशीनवर ऑपरेटर. अख्खी पाळी उभ्याने काढायची, म्हणून आधी त्याने थकवा समजून सोडून दिलं. मग ते मांडीत उडालं, दंडात उडालं. मग त्याने मोबाइलवर शोधलं आणि झोपेचं वाटोळं करून घेतलं. असा एक आजार असतो म्हणे. आधी हात जातात, मग पाय, मग बोलणं, मग गिळणं. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतं, सगळं बघायला.

कल्याणच्या डॉक्टरने सुया टोचून नसा तपासल्या. म्हणाला, "सगळं नॉर्मल आहे. टेन्शन घेऊ नका."

कमळाकरला ते पटलं नाही. मशीन ओके दाखवतं आणि माल रिजेक्ट निघतो, हे तो रोज बघायचा.

त्याची बायको भावना म्हणायची, "मरनारा मानूस दोनदा भात मागून घेतो का? वजन बघा जरा."

सासू, गुणाबाई, धसईला एकटीच राहायची. मागच्या दारी मेथी, माठ करायची आणि जुड्या बांधून बाजारात विकायची. कमळाकर तिला मामी म्हणायचा. एका रविवारी तो तिच्या पडवीचा पत्रा ठोकायला गेला होता. काम झाल्यावर पँट दुमडून पोटरीकडे टक लावून बसला.

"काय बघता जावयबापू? सोनं निघतंय का तिथून?"

"उडतंय मामी. थांबत नाय."

मामीने पदराला हात पुसले. वाकून दोन्ही तळवे त्याच्या पोटरीवरून फिरवले, मुठी आपल्या कानशिलांना लावल्या आणि बोटं मोडली. कडाकडा. बाया पोराची आलाबला घेतात, तशी.

"जळो इडापिडा."

पोटरी थांबली.

योगायोग, असं तो घरी जाताना स्वतःलाच सांगत राहिला. आठवड्याने मांडी उडायला लागली. पुन्हा धसई, पुन्हा बोटं, मांडी गप्प. तिसऱ्या वेळी त्याने मोबाइल उंबऱ्याला टेकवून व्हिडिओ काढला. कंपनीत बारा वर्षं काढलेला माणूस. तपासल्याशिवाय मानणार नव्हता.

व्हिडिओ त्याने रस्त्यात गाडी थांबवून पाहिला. दंड उडतोय. मामीचे तळवे फिरतात. मुठी कानशिलाला. कडकड. दंड दगडासारखा थांबतो. आणि त्याच क्षणी मामीच्या दोन्ही करंगळ्या उडायला लागतात. ती हात पाठीमागे घेते. हसते.

त्याने व्हिडिओ पुसून टाकला. आणि पुढच्या आठवड्यात परत गेला.

हे नीट ऐका. त्याला कळलं होतं, आणि तो परत गेला. एकदा नाही. दर वेळी ठरवायचा, आता बास. दर वेळी पाळी सुटली की गाडी किन्हवलीच्या घराकडे वळायच्या ऐवजी धसईकडे वळायची. जाताना मामीसाठी केळी घ्यायचा.

मामीच्या जुड्या सुटायला लागल्या. बाजारातल्या बाया चिडवायच्या, "गुणाबाय, जुडी बांधतेस का सोडतेस?" मग तिने बाजारच सोडला.

भावना म्हणाली, "आईच्या हातातून कप पडतो. तुमच्या त्या डॉक्टरला दाखवा ना."

"वय झालंय त्यांचं," कमळाकर म्हणाला. स्वतःच्या पोटरीसाठी कल्याण गाठणारा कमळाकर.

मग तो खरंच थांबला. महिनाभर धसईला फिरकला नाही. पाय उडो, दंड उडो, दात दाबून राहिला. आरशात स्वतःकडे बघायची थोडी हिंमत आली.

त्याच आरशात एका सकाळी त्याने दात घासून जीभ बाहेर काढली. जीभ उडत होती. सगळी, टोकापासून मुळापर्यंत. आत अळ्या वळवळाव्यात तशी.

कंपनीत सुपरवायझरने काहीतरी विचारलं. कमळाकरचं उत्तर तोंडातच लटपटलं.

"सकाळीच घेतलीस का रे?" सुपरवायझर हसला.

धसईला जातो, एवढं कसंबसं सांगून तो अर्धा दिवस टाकून निघाला.

दुपारचं ऊन पडवीत आलं होतं. मामी भिंतीला टेकून बसली होती. हात मांडीवर, पिळून टाकलेल्या फडक्यांसारखे.

"बऱ्याच दिवसांनी आलाव."

समोर बसून त्याने जीभ दाखवली.

मामीने जिभेकडे पाहिलं.

"हात वर होत नाय आता."

कमळाकरने जीभ आत घेतली नाही.

"मला म्हायती हाय," ती म्हणाली. "पयल्या दिवसापासून. लेकीचा संसार हाय, म्हनून घेतलं." मग जन्मात पहिल्यांदा ती त्याला अरेतुरे बोलली. "आता नको, बाला. बोलनं तरी राहू दे रे मला."

त्याने तिची मनगटं धरली.

हलकी होती. तिने ओढून बघितली, पण ओढायला हातात काही उरलं नव्हतं.

त्याने तिचे तळवे स्वतःच्या तोंडावरून फिरवले. तिच्या मुठी तिच्या कानशिलांना लावल्या. आणि एकेक बोट दाबलं.

आवाज फार बारीक आला. वालाची सुकी शेंग फुटावी तेवढा.

जीभ थांबली.

त्याने तिचे हात परत मांडीवर ठेवले. नीट, जागच्या जागी. पदर सारखा केला.

फोन वाजला. भावना.

"पोचलात? कंपनीत फोन लावला, तर सुपरवायझर म्हनाला, तुमी धसईला निघालात. आईला द्या जरा."

मामीचं तोंड उघडं होतं. आत काहीतरी लवलवत होतं. आवाज नव्हता.

"झोपल्यात," कमळाकर म्हणाला. शब्द स्वच्छ निघाला.

"बरं." भावना हसली. "आवाज किती मोकळा येतोय तुमचा. आईकडं गेलं की बरं वाटतं ना तुमाला?"

मामी ऐकत होती. फोन स्पीकरवर होता.