अवील मरोदखची वीट

अदीना, ते दार लोटून घे गं. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या सगळ्यांनी. आमच्या शुलामीथच्या नवऱ्याच्या, योनाच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे, इथे लीड्समध्येच. मागच्या वर्षीचा नाताळाआधीचा शुक्रवार. चार वाजताच मिट्ट काळोख.

योना म्युझियमच्या वस्तूंची ने-आण करतो. हेडिंग्लीत एक म्हातारे प्रोफेसर वारले होते, त्यांच्या बंद घरातून बाबेलची, म्हणजे जुन्या बॅबिलोनची, एक वीट आणायची होती. काम सोमवारचं. पण शब्बाथ, आपला कामं बंद ठेवायचा दिवस, लागत आला तरी हा पठ्ठ्या मुद्दाम निघाला, कारण त्या संध्याकाळी त्याचा धाकटा भाऊ टोबी तुरुंगातून सुटून घरी येणार होता. टोबीने दारू पिऊन गाडी ठोकली होती. गाडीत त्यांची आई होती. ती गेली.

वाटेत शुलामीथचा हॉस्पिटलमधून फोन. "योना, माझी लेट शिफ्ट आहे आणि त्याच्याकडे चावी नाही. मायनस फोर आहे रे बाहेर! घरी जा."

"कौन्सिलकडे जाऊन राहायला जागा माग म्हणावं त्याला. माझ्या टेबलावर तो बसणार नाही," असं म्हणून योनाने फोन ठेवला. सख्खा भाऊ, पण नाव काढलं की अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या घरातली वीज तोडलेली. वीट जेवणाच्या टेबलावर होती, खाली चिठ्ठी: अवील मरोदख. बाबेलचा हा राजा आपल्या यहुदी लोकांना शास्त्रातून ठाऊक आहे. उणंपुरं दोन वर्षांचं राज्य, मग मेहुण्यानेच काटा काढला. पण गादीवर बसल्या बसल्या त्याने आपल्या यहुदाच्या राजाला सदतीस वर्षांच्या कैदेतून सोडवलं आणि स्वतःच्या पंगतीला घेतलं.

योनाने वीट उचलली आणि टॉर्च विझला.

समोरची खुर्ची सरकली. कोणीतरी बसलं. श्वास ऐकू येत होता... ओला, घरघरणारा.

"तो जेवला का?"

मराठीत. आपल्यातले अलिबागकडचे म्हातारे बोलतात तसं, सावकाश.

योना टॉर्चचं बटण दाबत राहिला.

"तो... जेवला का?"

"क... कोण?"

टेबलावरून काहीतरी सरपटत आलं. योनाच्या हातापाशी थांबलं. गार...

मग खुर्ची पुन्हा सरकली. पावलं दाराकडे गेली. दार उघडलं, आणि रस्त्यावरचा वारा आत आला.

वीट तिथेच टाकून योना धावत सुटला. व्हॅनमध्ये तो लहान पोरासारखा रडत होता. भाऊ पायरीवर गोठून मेला असेल, या एकाच भीतीने त्याने गाडी घराकडे पळवली.

टोबी पायरीवरच होता. गुडघ्यांत डोकं घालून, निपचित.

"टोबी!" योनाने त्याला कवेत घेतलं. तो उबदार होता.

"दादा, सॉरी... मी जातो हवं तर."

"गप. आत चल. जेवलास का?"

"हो, आत्ताच. तू पाठवलेले ते अंकल आले होते ना. अर्धी भाकर मोडून दिली, अर्धी त्यांनी खाल्ली. आणि स्वतःचं हे अंगावर घातलं माझ्या."

टोबीच्या खांद्यांवर एक जाड लोकरीचं पांघरूण होतं.

ते योनाच्या घरी आहे अजून. शुलामीथने कितीदा धुतलं, हीटरवर वाळत घातलं. सगळं वाळतं. गळ्यापाशी मात्र ते अजूनही ओलं आहे... आणि लाल.